डावीकडचं कपाट

सोनूबाईनं अबोलीची वेणी उचलली आणि तिचा हात अर्ध्यावरच राहिला. मालनची आई राम आळीत आली की न मागता वेणी पुढं करायची, ही तिची इतक्या वर्षांची सवय. हात आधी निघाला, नजर मागून आईच्या मोकळ्या कपाळावर गेली. तिनं वेणी परत टोपलीत ठेवली, ओलं फडकं वरून नीट ओढून घेतलं आणि विचारलं, "भात झोडून झालं काय गो तुमचं?"

"झालं," आई म्हणाली.

मालननं तिचं कोपर धरून तिला पुढं नेलं.

आप्पा गेल्याला तीन महिने होऊन गेले होते. तेव्हापासून आई मागच्या पडवीतून हलली नव्हती. एवढ्यात उंबरा ओलांडायचा का, म्हणून चुलतीनं तोंड वाकडं केलं, तरी मालननं आज तिला सकाळच्या एस.टी.त बसवलंच. रत्नागिरीत आईची स्वतःची अशी दुकानं होती. लोक सामान आणायला जात. ती भेटायला गेल्यासारखी जायची. प्रत्येक दुकानात तिची बसायची जागा ठरलेली, बोलायचं माणूस ठरलेलं. त्या दुकानांतून एक फेरी झाली की आई पुन्हा बोलायला लागेल, असं मालनला वाटलं होतं.

बाबू कासार एरवी लांबूनच हाक मारायचा. आईचा हात हातात घेऊन बांगड्या भरता भरता सगळ्या आळीच्या बातम्या सांगायचा. आज तो पाठमोरा होऊन खोकी पुसत होता. पुसलेलंच खोकं पुन्हा पुसत होता. पुढं कुंकवाच्या दुकानात पिंजरीचे तांबडे ढीग तसेच उभे होते. आईनं तिकडं मान वळवली नाही. घरून निघताना मालनला ह्यातलं काहीच सुचलं नव्हतं. आईच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या तेव्हा ती शेजारीच बसली होती, तरी सुचलं नव्हतं.

आता उरलं हरिश्चंद्र शेटचं कापडाचं दुकान. कापड तर सगळ्यांनाच लागतं.

शेट गादीवरून उठून पुढं आले. आप्पांविषयी बोलायचं ते थोडकं आणि मनापासून बोलले. आई पातळं बघत बसली की आप्पा बाहेर पायरीवर बसून कुरकुरायचे, सगळे रंग सारखेच तर आहेत म्हणायचे, हे त्यांना आठवलं आणि ते हसले. मालनची नजर पायरीकडं गेली. तिथं नुसतं ऊन पडलं होतं.

पाणी झालं. काय दाखवू, असं शेटनी विचारलं नाही. त्यांनी डावीकडच्या भिंतीशी रचलेले गठ्ठे बाजूला सारले आणि त्यांच्या मागचं एक बुटकं लाकडी कपाट उघडलं. आतून पातळं काढली. पांढरं, राखी, फिकट निळं, बारीक काळ्या काठाचं. एरवी शेट एका झटक्यात अख्खं पातळ उलगडायचे आणि पदर आईच्या मांडीवर येऊन पडायचा. ही पातळं त्यांनी घडी न मोडता एकेक करून पुढं ठेवली.

"शेट, ही नकोत," मालन म्हणाली. "वरच्या फळीवरचं दाखवा. ते वांगी रंगाचं."

"दाखवतो की बायो. दाखवायला माझं काय जातं?" पण त्यांचा हात वर गेला नाही. ते आईकडं बघत होते. "वैनींनी म्हणावं फक्त."

"आई, म्हण."

आईनं खांद्यावरचा पदर सारखा केला.

"आप्पांना कुठं रंग कळत होता? तेव्हा त्यांना विचारून घेत नव्हतीस. मग आता कुणाला विचारायचंय?" मालनचा आवाज चढला. तो तिचा तिलाच ऐकवेना.

आईनं राखी पातळ उचललं. काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला. रंग जातो का, हे मात्र विचारलं नाही. "हे घेत्ये मी," ती म्हणाली आणि ते मांडीवर ठेवलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "हे कपाट नवं केलंत काय हो शेट?"

"नाही वैनी. आमच्या बाबांच्या वेळचं. दुकान आहे तेव्हापासून आहे."

तेवढ्यात दोघीजणी चपला काढून आत आल्या, एक सासू आणि तिची नवी सून. त्या समोरच्या अंगाला बसल्या. शेट तिकडं वळले. मोरपिशी पातळ झटक्यात उलगडलं आणि त्याचा वारा मालनच्या तोंडावर आला. सून हसली. सासूनं पदर उजेडात धरून काहीतरी खोड काढली, शेटनी दुसरं उलगडलं, मग तिसरं. दोघी त्यात अशा गुंगल्या की ह्या बाजूला कुणी बसलं आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आई त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. मग ती मालनकडं झुकली.

"मी तिथंच बसायची ना गो?" ती हळू म्हणाली. "तेव्हाही ह्या कपाटापुढं बायका बसतच असतील. इतक्या वर्षांत मला एकीचं तोंड आठवत नाही."