सांगलीचे डॉक्टर येऊन गेले

यल्लाप्पाचं वागणं साळूबाईला अजिबात पटत नव्हतं. रोज उजाडायला यायचा, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या लेकाचे, जोतीरामचे पाय तेलानं चोळायचा, पण घरातलं घोटभर पाणी घ्यायचा नाही. त्यानं तालीम सोडलेली, स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलेलं. पाठीच्या कण्यावर कुठं नवा शोध लागल्याचं पेपरात आलं की तेवढं वाचून दाखवायचा आणि खाली मानेनं निघून जायचा.

आज त्यानं सांगलीहून व्यायाम देणारे डॉक्टर आणले होते. त्यांनी जोतीरामचे पाय दुमडून, टाचणी टोचून पाहिले.

"पाय आखडू नयेत म्हणून रोज हलवत राहा. पण हा आता उभा राहणार नाही," एवढं सांगून ते गेले.

"मावशी, परदेशात संशोधन चाललंय म्हणं. मी मुंबईला जाऊन इचारतो," यल्लाप्पा म्हणाला. हात मात्र पाय चोळतच होते.

साळूबाईनं त्याच्यापुढची तेलाची वाटी उचलून घेतली.

"पुरं कर, मुडद्या. त्या दिशी मैदानात जोतीरामचा डाव तुला लागला असता, तर आज तू असा पडला असतास. कुस्ती हुती ती, खून न्हवं. उद्यापास्नं पाय मी चोळीन. एक पोर आंथरुणाला खिळलं माझं, तेवढं बास हाय."