पांढरी जर्सी

रग्बी लीग क्लबच्या बारमध्ये नव्या जर्सीवरून गोष्ट हातघाईवर आली होती. जुनी पांढरीच ठेवायची की नवी गडद तांबडी आणायची, यावर हात वर झाले आणि मतं नेमकी समसमान पडली. उरली एकटी नोला.

अध्यक्ष डेसचा जीव भांड्यात पडला. नवरा क्लाइव्ह खेळायचा तेव्हापासून सबंध टीमच्या जर्स्या नोलाच धूत आली होती, आणि त्यावरचे क्वीन्सलंडच्या लाल मातीचे डाग घासताना पांढऱ्या रंगाच्या नावाने बोटं मोडत आली होती.

"कर हात वर, नोला. तांबड्यावर डाग दिसायचेच नाहीत."

नोलाने बिअरचा ग्लास खाली ठेवला. हात मात्र वर गेला नाही.

"अगं, त्या पांढऱ्याने तुला कधी सुख दिलंय का?" डेसचा आवाज चढला.

 

"क्लाइव्हला मी पांढऱ्या जर्सीत पुरलंय, डेस. उद्या मला तुम्ही तांबडी घालून वर पाठवलंत, तर समोरच्या टीमची समजून तो पोचल्या पोचल्या आडवं पाडेल मला."