हौसाक्काची घंटी

शेजारच्या हौसाक्कानं मला घरात आगीची घंटी बसवायला सांगितली. तिच्या नवऱ्याची, केरबाआण्णांची, एक बाजू लकव्यानं गेलेली, आणि खाटंशेजारी शेकायला कोळशाची शेगडी. माझं मंगळवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. म्हटलं, दोन दिवस गंमत करू. गरमीनं वाकणारी पट्टी न्हाय, सेल न्हाय, नुसती जाळीची डबी घेतली. "चुलीवर नको, भाकरीला बी वाजंल. दाराशी नको, वाऱ्यानं गार पडंल," असं म्हणत सुतळीनं भिंती मोजल्या आणि डबी बरोबर आण्णांच्या खाटंवर, तुळईला ठोकली. आक्काच्या माघारी गल्ली पोट धरून हसली. खरी घंटी उद्या बसवू, परवा बसवू, असं करत ऱ्हायलो.

गुरुवारी हौसाक्का पिशवी घेऊन स्टँडवर दिसली.

"नरसोबाच्या वाडीला चाललोय बाबा. यांच्यापायी चार वरसं दर्शन न्हाय. आता तुझी घंटी हाय की!"

मी खरं सांगायच्या आत एसटी सुटली, तसा मी पळत तिच्या घरात शिरलो. आण्णा थंडीनं कुडकुडत पडलेले. शेगडी विझलेली.

"आण्णा, चुकलो. ती डबी..."

"रिकामी हाय. जाळीतनं आरपार दिसतंय. पहिल्याच दिवशी बघितलं."

"मग आक्काला सांगितलं का न्हाईसा?"

"सांगितलं असतं तर गेली असती व्हय ती?" आण्णा हसले. "आधी प्यायला पाणी दे. तांब्या शेगडीत ओतलाय मी."