पुढं गेलेल्या चपला

"इथले शंभर-दोनशे वर्षांचे उंची पब पायी फिरून दाखवतात. अप्पा, पिऊ नका, नुसतं बघा," लंडनमधली लेक रुद्राणी म्हणाली. गेलो.

पहिल्या पबची चकचकीत लाकडी जमीन बघून मी सवयीनं दारात चपला काढल्या. बाहेर आलो, तर गायब.

अनवाणीच दुसऱ्या पबला गेलो. दारात माझ्याच चपला, कुणी काढून आत गेल्यासारख्या. तिसऱ्या, चौथ्या दारातही त्या माझ्याआधी हजर.

शेवटी त्या तिथंच सोडल्या, बूट घेतले आन् वालूरला घरी आलो. उंबऱ्यापाशी काहीच न्हवतं. लय हायसं वाटलं.

चुलीपाशी पाठमोरी बसलेली बायको आतल्या खोलीकडं बघून वरडली, "अहो, चपला घालून गादीवर कशाला झोपलात?"