मूळ पुस्तकात असं नाही

“मूळ पुस्तकात असं नाहीये!” हॉलिवूडच्या त्या छोट्या थिएटरात, सिनेमा चालू असतानाच मी ओरडलो.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे काढले. बुडून मेलेल्या नायकाला पोहायला शिकवून त्याचं लग्नसुद्धा लावलं. बिचारे लेखक रडकुंडीला यायचे. मी त्यांच्या हातात कॉफी देऊन म्हणायचो, “अहो, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा.”

आता एका तरुण दिग्दर्शिकेनं माझ्याच आत्मचरित्रावर सिनेमा काढला होता. आणि त्यातला मी रोज संध्याकाळी शूटिंग थांबवून चक्क घरी जात होतो! बायकोला स्वयंपाकात मदत करत होतो!

“हे मी कधी केलं?” मी शेजारी बसलेल्या दिग्दर्शिकेला विचारलं.

तिनं स्वतःच्या कॉफीचा कप माझ्या हातात दिला. “सर, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा.”

मी चिडून दुसऱ्या बाजूला, बायकोकडे वळलो. ती डोळे पुसत होती. माझ्या एकाही सिनेमाला ती कधी रडली नव्हती.

“बघ, तुलाही सहन होत नाहीये ना?”

“गप्प बस जरा,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “तो आत्ता कुठे जेवायला बसलाय.”