बातमीचा दणका

"धर जरा बाला," असं म्हणत गोदूबाईने डोक्यावरची मासळीची पाटी विश्वजीतच्या हातात दिली. "खाली ठेवली का तो वरडंल."

तो म्हणजे झाडाखाली उभा असलेला खाकीतला माणूस. सुकापूरच्या वळणावरच्या या फुटपाथवर आता कोणी बसायचं नाही, असा त्याला हुकूम होता. उभं राहायला मनाई नव्हती, म्हणून गोदूबाई सकाळपासून उभी होती. बावीस वर्षं याच जागी बसून तिने मासळी विकली होती.

विश्वजीत इथल्या पेपरचा बातमीदार. हे सगळं त्याच्याच बातमीने झालं होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. बरं, बिचाऱ्याने वाईट काय लिहिलं होतं? मासळीवाल्या बायका भर उन्हात बसतात, वर साधा पत्रा नाही, त्यांना शेड बांधून द्या. एवढंच. गोदूबाईचा हसरा फोटोही लावला होता. जागा कोणती, तर बँकेसमोर, रिक्षा स्टँडच्या उजव्या हाताला, असं नीट लिहिलं होतं, कारण अर्धवट बातमी द्यायची त्याला सवय नव्हती. वर पालिकेच्या साहेबांची बाजू हवी म्हणून त्यांना फोन केला. साहेब म्हणाले, माहिती घेऊन योग्य ती कारवाई करू. हे वाक्य विश्वजीत बारा वर्षं दर बातमीच्या शेवटी टाकत आला होता. आजवर कोणी काही केलं नव्हतं. या वेळी मात्र केलं. बातमी आली त्याच दुपारी पालिकेची गाडी आली आणि बर्फाची पेटी, पाट, कोयता, वजनकाटा, सगळं उचलून घेऊन गेली.

पाटी जड होती. त्याने ती कठड्यावर टेकवायला घेतली, तर खाकीवाल्याने शिटी मारली.

"प्रेस," विश्वजीत म्हणाला.

"माहितीये साहेब. तुमचंच कात्रण ऑफिसात लावलंय," खाकीवाला म्हणाला. "पण टेकवू नका. मलाही वरून सांगितलंय."

विश्वजीतने मुकाट्याने पाटी परत छातीशी धरली. बर्फ नव्हता, नुसतं ओलं गोणपाट. बारा वाजले की मासळी नरम पडणार, मग ती कोण घेतंय? गोदूबाई त्याच्या हातातल्या पाटीतून बांगडे निवडत होती आणि समोर विनिता मॅडम पिशवी उघडून उभ्या होत्या. विचुंब्याहून येणारं जुनं गिऱ्हाईक.

"कापून नाही मिळणार?" त्यांनी विचारलं.

"कशानं कापू? कोयता नेला ना त्यानी."

तेवढ्यात विश्वजीतच्या खिशात फोन वाजला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले. गोदूबाईने लुगड्याला हात पुसले, फोन काढला, तो सांगेल तसं बोट फिरवलं आणि त्याच्या कानाशी धरला. पलीकडे संपादक शैलेश सर. त्यांचा आवाज असा की चौघांना ऐकू जावा.

"अरे, काय दणका दिलास राव. उद्या पहिल्या पानावर घेतोय. आमच्या बातमीचा दणका, फुटपाथने घेतला मोकळा श्वास. एक मोकळ्या फुटपाथचा फोटो पाठव पटकन. आणि ऐक, त्या बायका फोटोत येऊ देऊ नकोस."

"सर, बातमी तशी नव्हती. आपण शेड मागितली होती."

"कारवाई झाली ना? किती पेपरांच्या बातमीवर होते? फोटो पाठव."

फोन बंद झाला. गोदूबाईने तो परत त्याच्या खिशात ठेवला आणि वरून हलकेच थोपटलं. विश्वजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चार शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

"मावशी, मी परत लिहितो," तो म्हणाला. "तुमचं सामान नेलं, तुम्हाला उठवलं, सगळं लिहितो. तुमच्या नावासकट."

"नको रं बाबा," ती घाईने म्हणाली. "पेपर आला तवा मीच सगल्या कोळीवाड्यात दाखवत फिरले. सून म्हनाली, आई, तुमी फेमस झाल्या. आता बस झालं."

लिहिण्यापलीकडे विश्वजीतला दुसरं काही येत नव्हतं.

विनिता मॅडमनी पिशवीला गाठ मारली. "मग मावशी, उद्यापासून आम्ही यायचं कुठे?"

गोदूबाईने आधी झाडाखालच्या माणसाकडे पाहिलं, मग विश्वजीतकडे. मग मॅडमच्या दंडाला धरून त्यांना चार पावलं पलीकडे नेलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. मॅडमनी मान डोलावली. जाताना त्यांनी विश्वजीतकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

गोदूबाई परत आली. पाटी डोक्यावर चढवायला त्याने हात दिला. त्याने काही विचारलं नव्हतं, पण त्याचं तोंड तिने वाचलं असणार.

"जागा मिलाली हाय मना," ती म्हणाली. "पन तुला नाय सांगायची. तू वाईट नायस बाला. पन तू लिवतस."