नवरदेवाचं अर्धं तोंड

“हात धर नं तिचा,” गार्ड म्हणाला. “नवरदेव हायस का पाहुणा?”

अंकुशनं नूतनचं मनगट दोन बोटांत धरलं. विंचू उचलावा तसं. नूतन त्याची मावसबहीण होती. लग्न तिचंही नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. भाड्याची शेरवानी त्याला काखेत काचत होती.

कोळशाच्या जुन्या खाणीत पाणी साचून तिथं निळंशार तळं झालं आहे. चंद्रपूर-वरोऱ्याची जोडपी लग्नाआधी त्याच्या काठावर फोटो काढायला येतात. त्यांना कोणी अडवत नाही. कंपनीलाही बरंच आहे, खड्डा सुंदर दिसतो. अडवतात ते कॅमेरा घेऊन नाल्याकडे वळणाऱ्याला. म्हणून हे सोंग. तिघांत खरा फक्त राजदीप. त्याचा वरोऱ्यात फोटो स्टुडिओ होता.

आता तिघं नाल्यावरच उभे होते. कोळसा धुणाऱ्या वॉशरीचा जाड पाइप झुडपातून बाहेर आला होता आणि त्याच्यातून काळं पाणी धो धो नाल्यात पडत होतं. दगडांवर काळी साय. सागाच्या उघड्या मुळांवर काळी साय. आणखी खाली नूतनच्या गावाची धानाची शेतं.

“तळं तिकडं राह्यलं. इथी काऊन आले?”

“तिथी गर्दी आहे, भाऊ,” राजदीप म्हणाला.

“अन् इथी वास आहे. लगनाच्या फोटोत वास येत नाई म्हणा.”

गार्ड हरिदास, पन्नाशीचा माणूस. खाकी शर्ट, हातात काठी, छातीवर लाल धाग्यानं शिवलेलं कंपनीचं नाव. त्यानं नूतनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“गाव कोनतं, पोरी?”

“वरोरा.”

“वरोऱ्याची हायस. शालू नेसून नाला पार केला अन् एकदा पाय घसरला नाई. दगड ओळखीचे दिसतात.”

नूतननं पाय शालूत ओढून घेतले. हरिदासनं राजदीपपुढे हात केला.

“दाखव कॅमेरा.”

राजदीपनं दिला. हरिदास अंगठ्यानं एकेक फोटो पुढे सरकवत गेला.

“नवरदेवाचं अर्धं तोंड गेलं. ह्याच्यात नवरीचा नुसता कान. पाइप मात्र साऱ्यात अख्खा.” त्यानं मान वर केली. “लगन पाइपाचं हाय का?”

अंकुशला हसू आलं. ते त्यानं गिळलं.

“पुसून टाक,” हरिदास म्हणाला.

“भाऊ, ऐका तर—”

“सारे.”

राजदीपनं नूतनकडे पाहिलं. सोमवारी वॉशरी वाढवायच्या परवानगीची जनसुनावणी होती. मागच्या सुनावणीत गावानं मोबाइलवरचे फोटो दाखवले, तेव्हा कंपनीचा साहेब भर मंडपात म्हणाला होता, “काळा नाला काय, कुठचाही असू शकतो. आम्ही तर एक थेंब बाहेर सोडत नाही.” समोर बसलेल्या अधिकाऱ्यानं मान डोलावली होती. त्याच्या हातातला चहा कंपनीचाच होता. यंदा रिकाम्या हातानं गेलं तर वॉशरी दुप्पट होणार होती आणि नाला कायमचा जाणार होता.

राजदीपनं फोटो पुसले. शेवटचा पुसून होईपर्यंत हरिदास त्याच्या खांद्यावरून बघत राहिला.

मग काठी टेकत तो उतार उतरला आणि पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. काळं पाणी त्याच्या बुटांवर उडू लागलं.

“आता माझा एक काढ.”

कोणी हललं नाही.

“ताई, फसवून राह्यला हा,” अंकुश पुटपुटला. “कंपनीच्या जागेत घुसून गार्डाचे फोटो काढले म्हणून उद्या हाच सांगन ठाण्यात.”

“टोपी ठेवू का काढू?” हरिदासनं खालून विचारलं.

“राहू द्या,” राजदीप म्हणाला.

“तोंड कसंबी येऊ दे. छातीवरचं वाचता आलं पाह्यजे.”

राजदीपनं कॅमेऱ्याला डोळा लावला. कडेला अंकुशचा खांदा येत होता. मधात पाइप, काळं पाणी, खाकी शर्ट, लाल अक्षरं. हा नाला आता कुठचाही असू शकत नव्हता. बटणावरचं बोट तिथंच राहिलं. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

“भाऊ, नोकरी जाईन तुमची.”

तोंडातून निघून गेलं. अंकुशनं कपाळाला हात लावला.

“काऊन जाईन?” हरिदास म्हणाला. “तुमी तं लगनाचे फोटो काढून राह्यले नं.”

तो हसला नाही. पाइप ओकत होता. नूतननं हरिदासच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. कंपनीचा जो जो माणूस आजवर गावात आला, तो गोड बोलला. पाणी देऊ म्हणाला, नोकऱ्या देऊ म्हणाला, पोरांना दप्तरं वाटून गेला. ह्याच्या तोंडावर गोड काही नव्हतं. दुसरंही काही वाचता येत नव्हतं.

हरिदासनं शर्ट खालून ओढून ताठ केला.

नूतननं अंकुशची बाही धरली आणि त्याला फोटोतून बाहेर ओढलं.